मामाच्या गाडीला चाकं माझी

गेल्या रविवारी आमच्या घरात भांडण झालं. नातवंडांना कुठं तरी फिरवून आणायचं ठरत होतं. मोठ्याला किल्ला हवा, मधलीला नदी, त्याच्या खालच्याला नुसता खाऊ, आणि अगदी धाकटीला कुणी विचारलंच नाही. माझी मुलं, सुना, लेकी सगळी शिकलेली. दुपारभर बोलत बसली आणि शेवटी कुणी कुठंच गेलं नाही. चहाच्या कपबशा उचलता उचलता माझी लेक चंद्रा म्हणाली, "मामा असता तर असं झालं नसतं."

मामा असता तर! बाप जिवंत आहे, समोर खुर्चीत बसलाय, कान शाबूत आहेत त्याचे, आणि पोरांना आठवतो मामा. हे वाक्य मी या घरात इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कुणी बोलायच्या आधीच मला ऐकू येतं. म्हणून म्हटलं, त्या माणसाबद्दल आपणच लिहून टाकावं. पोरं सांगतात ते सगळं साखरेत घोळलेलं असतं. माझी शाळा दुसरीत सुटली, अक्षर वाकडं आहे. चाक मात्र उभ्या जन्मात एक वाकडं केलं नाही.

चाकं करणं हा आमचा धंदा. पनवेलचं चाक म्हटलं की घाटावरचा गाडीवानही दोन पावलं मागं येऊन बघायचा. त्या पनवेलात माझं चाक वेगळं ओळखू यायचं. आमच्या आळीच्या टोकाला माझं आवार होतं, पुढं फळ्यांचं दार. आत तासलेले आरे, ते ज्यात बसतात ते मधले तुंबे, चाकांवर चढवायच्या लोखंडी धावा. काम चालू असताना त्या दाराच्या आत मी रिकाम्या माणसाला पाऊल टाकू दिलं नाही. गिऱ्हाइकानं चाक दारात ठेवावं आणि दारातूनच न्यावं.

मामा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, धर्मा. आमच्या मागच्याच खोलीत राहायचा. गाडी हाकायचा. भात गिरणीवर न्यायचं, मीठ बंदरावरून आणायचं, हेच काम. लग्न केलं नाही. का नाही केलं ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. बुटका, काळा, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, त्यामुळं बोलताना मधूनच शीळ वाजायची. आधी हसायचा, मग बोलायचा. बैलांची नावं ठेवली होती सायेब आणि मामलेदार. गोऱ्यांचं राज्य अजून होतं तेव्हा, आणि हा भर बाजारातून ओरडत जायचा, "काय रं मामलेदार, शेपूट काय हालवतंस, पाय उचल की!" दुकानदार गल्ल्यावरून उठून हसायचे. मला ते आवडायचं नाही. गाडीला चाकं माझी होती, आणि लोक बैलांची नावं लक्षात ठेवायचे.

माझी पोरं चार. थोरला विठू, मग चंद्रा, मग बाळ्या, आणि धाकटी मंदा. चौघांची चार तोंडं चार दिशांना. विठूला यंत्रांचं वेड, बाळ्याला माशांचं. चंद्रा गप्प. मंदा तेव्हा बोबडी बोलायची. ही चार तोंडं एका दिशेला वळायची ती फक्त धर्माच्या गाडीची घुंगरं वाजली की. मी घरात आलो की पोरं पाटी काढून बसायची. तो आला की पाट्या कुठं जायच्या देव जाणे. आणि आमची ही! मला बोंबलाचं कालवण वाढताना वाटीत बघून वाढायची, भावाला वाढताना त्याच्या तोंडाकडं बघून. मी बोललो नाही कधी. पण बघितलं.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या आसपासचे दिवस. वर्षातून एकदा, गिरणीचं काम सैल झालं की, पावसाच्या आधी, धर्मा आळीतल्या पोरांची सहल काढायचा. आता तुम्ही म्हणाल त्यात काय मोठंसं, चार पोरं गाडीत घातली आणि नेली. तसं नव्हतं. पोरं विचारायची, "मामा, औंदा कुठं?" तर तो म्हणायचा, "कुठं ते मागनं बघू. आदी कोन कोन येतंय ते सांगा." हे त्याचं ठरलेलं. जागा शेवटी, पोरं आधी.

मग संध्याकाळी विहिरीच्या दगडावर जाऊन बसायचा. एकेक पोर यायचं, त्याच्या कानाला तोंड लावायचं आणि आपल्याला काय पाहिजे ते सांगून पळून जायचं. हा मान हलवायचा. हसायचा नाही. एरवी सदा दात दाखवणारा माणूस, तेवढ्यापुरता देवळात बसल्यासारखा बसायचा. दोन पोरांना एकमेकांचं मागणं कळायचं नाही, आयांना कळायचं नाही, कुणालाच नाही.

एकदा माझ्या डोळ्यांदेखत विठू त्याच्या कानाशी लागला. हा विठू मला 'हो' आणि 'नाही' याच्या पलीकडं तिसरा शब्द द्यायचा नाही. आणि तिथं बराच वेळ बोलत होता. मी विहिरीवर गेलो.

"काय रे धर्मा, काय सांगितलं त्यानं?"

"कानातलं हाय, दाजी. कानातच ऱ्हाऊ द्या."

"अरे, मी बाप आहे त्याचा!"

"म्हनून तर," तो म्हणाला, आणि तुटक्या दातातून शीळ वाजली.

त्या वर्षी गाडी आपट्याला गेली. तिथं पोरांची मावशी होती, तिच्याकडं मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. आल्यावर पुढं महिनाभर माझ्या घरात दुसरा विषय नव्हता. वाटेत एका मळ्यात तेलावर चालणारं इंजीन होतं. ते बघायला गाडी थांबली आणि विठूनं म्हणे स्वतः त्याचं चाक फिरवलं. पाताळगंगेत बाळ्यानं पंचा लावून मासे धरले. मंदाला मामलेदाराच्या शिंगाला हात लावायचा होता, तो लावला. चंद्रानं काय मागितलं होतं ते तेव्हा कळलं नाही. लग्न होऊन दोन पोरांची आई झाल्यावर तिनं स्वतःच आईला सांगितलं. तिनं मागितलं होतं, "मंदाला एक दिवस मला घ्यायला लावू नका." वर्षभर ती बहिणीला कडेवर घेऊन फिरायची. त्या सहलीत मंदा जाता-येता धर्माच्या मांडीवर होती. कुणाला वाटलं मामाला भाचीचं कौतुक. चंद्राला तेवढं माहीत.

पण सगळ्यात जास्त बोलणं कशाचं, तर गाडी नदीत घातली त्याचं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि त्याच्यावरची लोखंडी धाव सैल होते, म्हणून गाडीवान वाटेत पाणी दिसलं की चाकं भिजवून घेतात. लाकूड फुगतं, धाव घट्ट बसते. धर्मानं सगळ्या पोरांसकट गाडी पाताळगंगेत उभी केली, बैल पोटापर्यंत पाण्यात, पोरं वर साट्याच्या फळ्यांवर उभी राहून नाचतायत. "बाबा, गाडीची होडी झाली होती!" बाळ्या सांगत होता.

मी धर्माला गाठलं. "माझ्या चाकांना पाणी कशाला पाजलंस? माझ्या चाकांना पाणी लागत नाही."

"चाक तुमचंच हाय, दाजी," तो म्हणाला. "पन ऊन कुनाचं हाय?"

पुढच्या वर्षी मी जाहीर केलं, की माझ्या पोरांना मीच नेणार. कर्नाळ्याचा किल्ला. धर्मा ओट्यावर बसला होता. त्यानं सवयीनं विचारलं, "कोन कोन येतंय? कुनाला काय पायजे?"

"सगळ्यांना किल्ला पाहिजे."

"त्यांनी सांगितलं?"

"मी सांगितलं."

तो हसला नाही. नुसतं म्हणाला, "गाडी माजी घेऊन जा." मी घेतली नाही. एका गिऱ्हाइकाची गाडी मागून आणली. तिला मी नुकतीच नवी चाकं बसवली होती, अजून तेलाचा वास जात नव्हता. कुणी बघितलं तरी नजर चाकावरच गेली पाहिजे.

माझा हिशेब साधा होता. चाकात आरे असतात, सगळे एका मापाचे. एक जरी आखूड झाला तर चाक बसकण मारतं. घरही तसंच. मी बायकोला सांगितलं, प्रत्येकाला एक भाकरी, एक लाडू, सारखा. चालायचं सगळ्यांनी, बसायचं सगळ्यांनी. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. आता यात चुकीचं काय सांगा!

मंदाला अर्धी भाकरी सरेना आणि विठू दोन घासांत आपली संपवून तिच्या हाताकडं बघत बसला. मी म्हटलं, तिची तिलाच. विठूनं तोंड फिरवलं, मंदानं भोकाड पसरलं. आमची ही म्हणाली, "आवो, लेकरं हायत ती, आरे नायत." मी ऐकलं नाही. चढणीला लागलो तर विठू वानरासारखा वर पळाला, दिसेना. मंदा दहा पावलांत बसली, चंद्रानं न बोलता तिला कडेवर उचललं. बाळ्या एका दगडावर बसून म्हणाला, "इथं मासे नाहीत." मी म्हटलं, किल्ल्यावर मासे नसतात. तो म्हणाला, "मग किल्ल्यावर कशाला आलो?" अर्ध्यातूनच उतरलो. विठूला हाका मारून मारून माझा घसा बसला.

परतताना एका गावाच्या कडेला तळं लागलं. ऊन असं की बैलांच्या तोंडाला फेस. ही म्हणाली, "घाला की गाडी पाण्यात. चाकं पण भिजतील, पोरं पण निवतील." पोरांनी माना वर केल्या. तेवढ्या एका क्षणाला चारही तोंडं माझ्याकडं होती. आणि मला नदीतली ती होडी आठवली. मी म्हटलं, "माझ्या चाकांना पाणी लागत नाही," आणि बैल पुढं काढले.

तळं मागं पडलं आणि थोड्याच वेळात खण्णकन आवाज झाला. उजव्या चाकाची धाव निसटली, रस्त्यावरून घरंगळत गेली आणि एका शेतात जाऊन, गोल गोल फिरून, आडवी झाली. मंदानं टाळ्या वाजवल्या. दिवसभरात ती पहिल्यांदा हसली.

आता चाकाचा दोष नव्हता. गिऱ्हाइकानं घाई केली होती, लाकूड पुरतं सुकलेलं नव्हतं, ते गाडीवर आल्यावर सुकलं. हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. पण गाडी रस्त्यात उभी होती. लाकूड तासायचा वाकस आणि हातोडा मी कुठंही गेलो तरी बरोबर असायचा. खाली उतरलो, बाभळीची फांदी तोडली आणि पाचरी पाडायला बसलो.

मी कुणाला काही सांगितलं नाही. मान वर केली तेव्हा बाळ्या शेतातून ती धाव ढकलत आणत होता, त्याच्याहून ती मोठी. विठूनं खांदा देऊन गाडी उचलून धरली होती. चंद्रा तांब्या घेऊन तळ्याकडं पळाली, आणि कडेवर कुणी नव्हतं म्हणून चांगली पळाली. मंदा माझ्यासमोर उकिडवी बसून एकेक पाचर हातात द्यायला लागली. "ही घ्या. आता ही घ्या." धाव चढवली, पाचरी ठोकल्या, वर चंद्रानं पाणी ओतलं. विठू विचारत होता, "बाबा, तापवून बसवतात तेव्हा ती मोठी कशी होते? मग परत लहान कशी होते?" इतके शब्द त्यानं मला आयुष्यात एका दमात दिले नव्हते. पनवेलपर्यंत चौघं चाकाच्या बाजूनं चालत आली, पाचर सुटते का बघत. मी बैलांच्या पुढं होतो. माझी छाती त्या दिवशी सदऱ्यात मावत नव्हती.

मनात म्हटलं, आता बघू धर्मा काय म्हणतो.

गाडी आळीत शिरली. पुरती थांबायच्या आत चौघंही पळाली. घरात नाही. मागच्या खोलीकडं. "मामा, धाव निसटली! मामा, बाबांनी रस्त्यात बसवली! मामा, पाचर मी दिली!" मी एकटाच बैल सोडत उभा. माझी सहल, माझं चाक, माझी पोरं, आणि सांगायची कुणाला, तर त्याला.

थोड्या वेळानं धर्मा आला. चाकाशी बसून पाचरींवरून हात फिरवला. "भट्टीबिगर बसवलीत?"

"चाकाचा दोष नव्हता," मी म्हटलं.

"मी कुठं म्हनतो?" तो हात फिरवतच राहिला.

त्याच्या पुढचं वर्ष. त्या सकाळी माझ्या आवारात धावा तापवायला घातल्या होत्या. गोवऱ्यांची आग, लोखंड लाल व्हायला आलेलं. तेवढ्यात बाहेर गलका. बघतो तर आळीतली सगळी पोरं, हातात शिदोरीची गाठोडी, पायांवर धूळ. धर्मानं त्यांना पहाटे गावाबाहेर काढून, बंदरावरून फिरवून, गाढी नदीत पाय बुडवून, मोठा वळसा घालून आणलं होतं. कुठं आणलं होतं? तर आळीच्याच टोकाला. माझ्या दारात. आणि माझी चौघं सगळ्यांत पुढं.

"औंदाची सहल हितं," धर्मा म्हणाला.

"हा कारखाना आहे. जत्रा नाही."

"कुनी तरी कानात सांगितलं, दाजी. मी काय करू?"

"कुणी?"

"कानातलं हाय."

धाव लाल झाली होती, लोखंड कुणासाठी थांबत नाही. मी फळी बाजूला केली. पोरं आत आली, त्यांच्या मागून तोही आला, आणि एका कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा राहिला. मी आणि माझे दोन गडी, आम्ही तिघांनी चिमट्यांनी ती लाल कडी उचलली, चाकावर ठेवली. लाकडानं पेट घेतला, धूर उसळला, मी घण घातले, पाणी ओतलं, आणि वाफेत सगळं आवार नाहीसं झालं. वाफ विरली तेव्हा पोरांची तोंडं उघडी होती. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी गरजेपेक्षा दोन घण जास्तच घातले.

पोरं निघाली. जाताना दारात आरडाओरडा, "मामा, काय झकास सहल काढलीत!"

मामा! घण कुणी घातले? पण त्या दिवशी मला त्याहून दुसरंच लागून राहिलं. माझं आवार मागितलं कुणी? मला वाटायचं विठू. मग वाटायचं मंदा. चौघांनाही वेगवेगळं गाठून विचारलं. चौघंही म्हणाली, "मी नाही." मोठी झाल्यावर परत विचारलं. "मी नाही." लेकरं बापाजवळ एवढं कबूल करायला का लाजतात मला कळेना. पण चौघांतल्या एकानं कधी तरी, त्या कानात का होईना, आपल्या बापाचं नाव घेतलं होतं. कुणी, एवढंच मला पाहिजे होतं.

वर्षं गेली. मोटारी आल्या, ट्रक आले, भात ट्रकातून जायला लागलं. चाकांचं काम कमी होत होत थांबलं. सायेब गेला, मग मामलेदार गेला. धर्माचे गुडघे गेले. तो विहिरीच्या दगडावर बसून असायचा आणि आता माझी नातवंडं त्याच्या कानाशी लागायची. गाडी नव्हती, सहल नव्हती, तरी लागायची. बहुतेक तो सगळ्यांना शब्द देत होता.

एका संध्याकाळी मी जाऊन त्याच्याशेजारी बसलो. तसं मी कधी बसलो नव्हतो. म्हटलं, "धर्मा, आता तरी सांग. त्या वर्षी माझा कारखाना कुणी मागितला?"

तो म्हणाला, "कान करा."

मी कान केला. त्याच्या तोंडाला तंबाखूचा नाही, बडीशेपेचा वास होता. इतक्या वर्षांत मला हेही माहीत नव्हतं.

"कुनी नाय," तो कानात म्हणाला. "मीच. जलमभर तुमच्या चाकावर बसलो, धाव चढताना येकदा बघायची व्हती. येकटा आलो असतो तर फळीच्या आत घेतला असता मना?"

नसता घेतला. पोरं तेव्हा खरंच बोलली होती, चौघंही.

मग मीही ते विचारलं, जे त्यानं सगळ्यांना विचारलं आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. "आता काय पाहिजे तुला?"

परत म्हणाला, "कान करा."

त्याची जुनी गाडी मागच्या मांडवात पडून होती, चाकं माझीच. दुसऱ्या दिवशी मी ती चाकं काढून खाडीच्या पाण्यात उभी करून ठेवली. कुणी विचारलं तर सांगितलं, धुतोय. एका ओळखीच्याचे बैल आणले. पुढं धुरेवर मी बसलो. आणि धर्माला त्याच्या मनासारखं मागं बसवलं, मागच्या फळीवर, उलट्या तोंडानं, पाय खाली सोडून. सगळा जन्म गाडीच्या पुढं बसलेला माणूस. आपण गेलेला रस्ता त्यानं कधी बघितलाच नव्हता.

आळी संपायच्या आत पोरं मागं लागली. माझीच नातवंडं पुढं. मला दिसत काही नव्हतं, बैल सांभाळायचे होते. एकदाच मान वळवली तेव्हा दिसली त्याची पाठ, सदऱ्यातून वर आलेले खांदे, आणि त्याच्या कानाशी लागलेलं एक पोर, चालत्या गाडीबरोबर धावत. त्यानं वाकून काही तरी परत सांगितलं. सगळी पोरं एकदम खिदळली.

तसा तो मला परत कधी दिसला नाही. त्या पावसाळ्यात गेला.

त्या दिवशी ते खिदळणं ऐकून मी पुढून ओरडलो, "काय रे, काय झालं हसायला?"

मागून आधी शीळ आली. मग आवाज.

"कानातलं हाय, दाजी."

मी बैलांना हाकललं. गाडी चालत होती. धाव घट्ट होती. चाकं माझीच होती.